पोटात काय चाललंय?

परवा रात्री नात जरा किरकिर करत होती. चौदा महिन्यांची आहे. पोटाला हात लावला तर थोडं तडतडीत लागलं. सवयीने उठले, वाटीत हिंग कालवला आणि बेंबीभोवती लावला. पाच-दहा मिनिटांत तिने आवाज काढून सगळं मोकळं केलं आणि गाढ झोपली. घरात सगळे हसले. मी मात्र बराच वेळ जागी होते. कारण याच पोटाने मागच्या वर्षी आम्हाला दोन रात्री जे दाखवलं, ते अजून डोळ्यासमोरून जात नाही.

आज त्याबद्दलच लिहायचं आहे. मी डॉक्टर नाही. आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवला. त्यामुळे जे लिहिते आहे ते एका आजीने विचारून, वाचून, समजून घेतलेलं आहे असं समजा.

सूनबाईंचे दिवस भरायला अजून दोन महिने होते, तेव्हाच ही पोर आली. वजन तेराशे ग्रॅम. म्हणजे बघा, आपण बाजारातून दीड किलो बटाटे आणतो त्याहून कमी! अर्थातच 'काचेत' ठेवली. आपल्याकडे अजूनही इनक्युबेटर कुणी म्हणत नाही, 'बाळाला काचेत ठेवलंय' असंच म्हणतात. पहिले दहा दिवस बरे गेले. नळीने थेंब थेंब दूध सुरू झालं होतं. अकराव्या दिवशी संध्याकाळी सिस्टर म्हणाल्या, "आजी, आज दूध पचत नाहीये, पोट जरा फुगलंय." त्यांच्याकडे शिवणाच्या डब्यात असते तशी टेप होती. दर काही तासांनी त्या पोटाचा घेर मोजायच्या आणि कागदावर लिहायच्या. तो आकडा अर्ध्या सेंटिमीटरने वाढला की आमच्या पोटात गोळा.

दूध बंद केलं. तोंडातून नळी टाकून पोटातली हवा काढायला सुरुवात केली. अँटिबायोटिक्स चालू केली. आणि एक्स-रे काढला. मग काही तासांनी दुसरा. मग तिसरा, एका कुशीवर झोपवून. तिन्ही एक्स-रे पाहून डॉक्टर एकच वाक्य बोलले, "संशय आहे, पण नक्की सांगता येत नाही." सर्जनना बोलावून ठेवलं होतं. पोट उघडायचं की थांबायचं, हा प्रश्न होता. तेराशे ग्रॅमच्या बाळाचं पोट उघडायचं!

मी मास्तरीण. न राहवून विचारलं, "डॉक्टर, सोनोग्राफी नाही का करता येणार?"

ते जरा थांबले. मग म्हणाले, "काकू, करता येते. खरं तर केली पाहिजे. पण मशीन तळमजल्यावर आहे, वर आणता येत नाही. आणि सोनोग्राफी करणारे डॉक्टर सकाळी येतात."

तेव्हा मला त्यांचा राग आला होता हे कबूल करते. का आला आणि तो चुकीच्या माणसावर कसा होता, हे नंतर कळलं.

आधी आजाराबद्दल थोडं. त्याचं नाव लांबलचक आहे, नेक्रोटायझिंग एन्टेरोकोलायटिस. डॉक्टर लोक 'एनईसी' म्हणतात. दिवसांआधी जन्मलेल्या बाळाचं आतडं कच्चं असतं. तिथला रक्तपुरवठा, तिथले जंतू आणि पोटात जाणारं दूध यांचा मेळ बिघडला की आतड्याच्या आतला पदर सुजतो आणि काही वेळा मरायला लागतो. वाढलं तर आतड्याला भोक पडतं. दीड किलोच्या आतल्या बाळांना धोका जास्त. आईचं दूध मिळालं तर धोका कमी होतो, डब्याच्या दुधाने वाढतो, हे आता पक्कं ठाऊक झालेलं आहे. आणि सुरुवातीची लक्षणं काय? पोट फुगणं, दूध न पचणं, बाळ मलूल होणं. म्हणजे साध्या पोटफुगीत आणि या आजारात बाहेरून फरक कळणं कठीण.

म्हणून आत बघावं लागतं. एक्स-रेत हवा दिसते. आतड्याच्या भिंतीत हवा शिरली असेल, भोक पडून ती पोटात मोकळी झाली असेल, तर एक्स-रे ते दाखवतो. पण भोक पडल्यावर कळलं तर उशीरच झालेला असतो. सोनोग्राफीत वेगळ्या गोष्टी दिसतात. आतड्याची भिंत सुजून जाड झाली आहे की मरून पातळ होत चालली आहे, आतडं हलतं आहे की गप्प पडलं आहे, पोटात पाणी साचलं आहे का, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्या भिंतीत रक्त खेळतं आहे की नाही. एक्स-रे म्हणजे एका क्षणाचा फोटो. सोनोग्राफीत चालतं आतडं दिसतं. कॅनडात टोरांटोच्या बालरुग्णालयातल्या डॉक्टरांनी २००५ साली रंगीत डॉपलरने हे रक्ताचं वाहणं पाहून दाखवलं होतं. म्हणजे ही काही कालची गोष्ट नाही.

शिवाय सोनोग्राफीत किरणोत्सर्ग नसतो. एका एक्स-रेची मात्रा फारच थोडी असते, उगाच घाबरायचं कारण नाही. पण पोटाच्या दुखण्यात एक्स-रे एक नसतो, दर सहा-आठ तासांनी काढतात. ऑक्सफर्डच्या डॉ. अ‍ॅलिस स्टुअर्ट यांनी १९५६ साली गरोदरपणातल्या एक्स-रेचा मुलांच्या कॅन्सरशी संबंध दाखवला, तेव्हा त्यांच्यावर पुष्कळ टीका झाली होती. पण त्यानंतर जग सावध झालं. लहान जिवाला जितकं कमी तितकं बरं, हे तेव्हापासूनचं शहाणपण.

सोनोग्राफीलाही मर्यादा आहेत. ध्वनिलहरी हवेतून नीट जात नाहीत, त्यामुळे पोट हवेने गच्च भरलं असेल तर चित्र धूसर होतं. आणि पाहणाऱ्याचा हात आणि डोळा तयार लागतो. तेव्हा एक्स-रे टाकून द्या असं कुणीच म्हणत नाही. दोन्ही हवेत, एवढंच.

मग मशीन वर का नव्हतं?

आता इथे मला माझ्याच जुन्या वह्या उघडाव्या लागतात. नोकरीतली बरीच वर्षं मी नाशिक जिल्ह्यातल्या खेड्यांमधल्या शाळांत काढली. वर्गशिक्षिका म्हणून दर जूनमध्ये नवा हजेरीपट लिहायचा. आधी मुलगे, मग मुली. पुढे पुढे माझ्या लक्षात येऊ लागलं की मुलींची यादी पान उलटायच्या आत संपते. मुली शाळेतून काढल्या म्हणून नव्हे, त्या जन्मालाच आल्या नव्हत्या. महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे १९९१ च्या जनगणनेत ९४६ मुली होत्या, २००१ मध्ये ९१३ झाल्या आणि २०११ मध्ये ८९४. हे आकडे लोकांनी पेपरात वाचले. आम्ही शिक्षकांनी ते हजेरीपटात पाहिले.

आणि हे झालं कशाने? याच सोनोग्राफीने. १९५८ साली ग्लासगोच्या इयान डोनाल्ड या डॉक्टरांनी ध्वनिलहरींनी पोटाच्या आत पाहता येतं हे जगासमोर मांडलं. धातूच्या कामातले तडे शोधायचं यंत्र पाहून त्यांना ही कल्पना सुचली होती. ते स्वतः गर्भपाताचे कट्टर विरोधक. त्यांच्या यंत्राचं आपण काय केलं ते पाहिलं असतं तर त्या माणसाला काय वाटलं असतं!

याविरुद्ध कायदा करणारं देशातलं पहिलं राज्य आपलं, १९८८ साली. मग १९९४ चा केंद्राचा कायदा, जो १ जानेवारी १९९६ पासून लागू झाला. तोही बरीच वर्षं कागदावरच होता. पुण्या-मुंबईच्या 'सेहत' आणि 'मासूम' या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा कुठे हालचाल झाली आणि २००३ मध्ये कायदा कडक झाला. प्रत्येक मशीनची नोंद, ते कुठल्या जागेत आहे त्याची नोंद, कोण डॉक्टर वापरणार त्याची नोंद. गरोदर बाईची तपासणी केली तर 'एफ' फॉर्म. तो अर्धवट भरला तर ती नुसती कारकुनी चूक मानता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली स्पष्ट सांगितलं. मी या कायद्याच्या बाजूने मुलींना घेऊन प्रभातफेऱ्या काढल्या आहेत, पथनाट्यं बसवली आहेत. आजही कुणी म्हणालं की हा कायदा ढिला करा, तर मी पहिली विरोधात उभी राहीन.

आणि त्याच कायद्याच्या सावलीत माझी नात, एक मुलगीच, वरच्या मजल्यावर काचेत पडून होती आणि मशीन खालच्या मजल्यावर होतं. काय म्हणावं याला?

नंतर, सगळं निवळल्यावर, त्या डॉक्टरांशी निवांत बोलले. ते म्हणाले, "काकू, कायदा मला अडवत नाही. २०१२ च्या नियमानुसार नोंदणी झालेल्या आवारात, तिथल्याच दाखल रुग्णांसाठी हलतं मशीन वापरता येतं. पण त्यासाठी वेगळं मशीन घ्यायचं, त्याची नोंदणी करायची, ते कोण वापरणार त्याची पात्रता दाखवायची. मी बालरोगतज्ज्ञ, सोनोग्राफीतला तज्ज्ञ नाही. कागदात कुठे चूक झाली तर मशीनला सील. व्यवस्थापन म्हणतं, नको ती झंझट, खाली आहे तेवढं पुरे." म्हणजे कायद्याने दार बंद केलेलं नाही. पण दारापर्यंत जाण्याचीच लोकांना भीती वाटते.

मला वाटतं की यातून मार्ग निघू शकतो, आणि तो कायद्याला धक्का न लावता. माझ्या अल्पमतीप्रमाणे तीन गोष्टी सांगते.

पहिली, शिक्षण. २०१४ साली सोनोग्राफीसाठी सहा महिन्यांच्या प्रशिक्षणाचे नियम आले. त्यात भर पोट आणि ओटीपोटाच्या सोनोग्राफीवर. नवजात बाळाचं पोट, डोकं, हृदय आणि छाती पाहणं हा वेगळा विषय आहे. आपलं आरोग्य विज्ञान विद्यापीठ इथेच आहे, नाशिकमध्ये, १९९८ पासून. नवजात बाळांच्या डॉक्टरांसाठी फक्त बाळांच्या सोनोग्राफीचा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम इथून सुरू झाला तर? दिंडोरी रोडने जाताना ती इमारत दिसते तेव्हा दर वेळी मनात येतं.

दुसरी, मशीन. डॉक्टरांनीच समजावलं की ध्वनीची फ्रिक्वेन्सी जितकी जास्त तितकं चित्र स्पष्ट, पण तो तितका कमी खोल जातो. बाळाचं पोट ते केवढं! तिथे काही सेंटिमीटर खोल दिसलं तरी पुष्कळ. मग फक्त तसाच, न बदलता येणारा प्रोब असलेलं मशीन नवजात विभागाला द्यावं. गरोदर बाईच्या पोटावर ते फारसं उपयोगाचं नाही, म्हणजे गैरवापराची वाटच अरुंद होते. शिवाय त्या खोलीत गरोदर बाईला प्रवेशच नसतो. तरीही नोंद ठेवा, कॅमेरा लावा, महिन्याला तपासणी करा. तज्ज्ञांनी यात खोट काढली तर मी ऐकायला तयार आहे.

तिसरी, सरकारी दवाखाना. हे सगळं फक्त खाजगीत आलं तर त्याचा उपयोग माझ्या नातीला, पेठ-सुरगाण्याच्या बाईच्या बाळाला नाही.

इथे कुणी म्हणेल, आणि बरोबर म्हणेल, की बाई, तुम्ही रंगीत डॉपलरच्या गोष्टी करता, इथे बाळांना जागा नाही! मान्य आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये आपल्याच जिल्हा रुग्णालयाच्या नवजात विभागात ५५ अर्भकं दगावल्याची बातमी आली होती, आठवत असेल. एकेका काचेत दोन-तीन बाळं ठेवावी लागत होती. बरीचशी दिवसांआधी जन्मलेली होती आणि फार उशिरा आणली होती, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. भंडाऱ्याला ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे लागलेल्या आगीत दहा बाळं गेली. अशा ठिकाणी आधी जागा, सिस्टर आणि सुरक्षित वीज हवी, सोनोग्राफी मग. आईच्या दुधाचं तर काय सांगावं! मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. या आतड्याच्या आजारावर त्याहून मोठं औषध अजून निघालेलं नाही. आणि गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून, मोठ्या यंत्रांशिवाय, बाळांचे मृत्यू अर्ध्याहून कमी करून दाखवले. १९९९ मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं.

हे सगळं मला माहीत आहे. पण म्हणून 'आत काय चाललंय ते बघणं' ही चैन ठरत नाही. का ते सांगते.

फेब्रुवारी २०२५ मध्ये मेळघाटातल्या सीमोरी गावची बातमी वाचली होती. चिखलदरा तालुका. बावीस दिवसांच्या बाळाचं पोट फुगलं म्हणून तापवलेल्या विळ्याने पोटावर ६५ चटके दिले. तिकडे याला 'डम्मा' म्हणतात. वाचून आपण संतापतो, अडाणी म्हणून मोकळे होतो. मलाही संताप आला. पण नंतर विचार केला, ते चटके देणारं माणूस बाळाचं वैरी नव्हतं. फुगलेल्या पोटाच्या आत काय चाललंय हे त्याला दिसत नव्हतं, आणि गप्प बसवत नव्हतं. माणसाला दिसत नाही तेव्हा तो जे हाताशी असेल ते करतो. मी हिंग लावते, ते विळा तापवतात, शहरातला डॉक्टर चौथा एक्स-रे काढतो. तिन्ही एका मापाने मोजता येणार नाहीत, हे उघड आहे. विळ्याने बाळ भाजतं. पण तिन्हींच्या मुळाशी न दिसणंच आहे.

२०२० च्या सरकारी आकड्यांप्रमाणे महाराष्ट्रात हजार जन्मांमागे सोळा बाळं वर्षाच्या आत जातात, त्यातली अकरा पहिल्या अठ्ठावीस दिवसांत. पूर्वीच्या मानाने हे पुष्कळच कमी आहे, त्याचं श्रेय दिलंच पाहिजे. पण जितकं खाली येतं तितकं पुढचं अवघड होत जातं. उरलेली बाळं फार लहान, फार कच्ची असतात. त्यांना वाचवायला वेळेवर कळणं लागतं.

आमच्या पोरीचं काय झालं ते सांगायचं राहिलंच. दुसऱ्या दिवशी दुपारी तिला प्रवासाच्या पेटीत घालून, ऑक्सिजनसकट, लिफ्टने खाली नेलं. दोन सिस्टर, एक डॉक्टर आणि मागे जिन्याने धावत माझा मुलगा. कोमट जेल लावलं आणि पडद्यावर ते आतडं दिसलं. भिंत सुजलेली होती, पण तिच्यात रक्त खेळत होतं. आतडं सावकाश का होईना, हलत होतं. सर्जन म्हणाले, "थांबू या." आणि पोट उघडावं लागलं नाही. पुढचे काही दिवस उपास, औषधं, मग पुन्हा थेंबाथेंबाने आईचं दूध.

सोनोग्राफीने ती वाचली असं मी म्हणणार नाही. उपासाने, औषधाने, सिस्टरांच्या त्या टेपने आणि तिच्या नशिबाने वाचली. पण 'थांबू या' हे म्हणायला सर्जनना ज्याचा आधार मिळाला, ते तळमजल्यावर होतं आणि आम्हाला दीड दिवस उशिरा मिळालं.

शेजारच्या काचेतलं बाळ त्या आठवड्यात गेलं. त्याच दुखण्याने. एक्स-रेत पोटात मोकळी हवा दिसली तोवर फार उशीर झाला होता. आधी सोनोग्राफी झाली असती तर ते वाचलं असतं का? मी विचारलं नाही. विचारून कुणालाच सांगता आलं नसतं. त्याची आई बाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी बसायची, आम्ही डब्यातली चपाती वाटून खाल्ली होती.

कायदा मुलींना जन्माला येऊ देण्यासाठी केला. जन्माला आलेल्या मुलींना, आणि मुलांनाही, जगता यावं म्हणून त्याच कायद्यात एक लहानशी, नीट राखलेली खिडकी असावी, इतकंच माझं म्हणणं आहे. ज्यांनी या कायद्यासाठी आयुष्य वेचलं त्यांनीच ती खिडकी कशी असावी हे ठरवावं, म्हणजे कुणाच्या मनात शंका राहणार नाही.

असो. बरंच लांबलं. नात उठली वाटतं, तिला मऊ वरणभात लागतो या वेळेला.